अण्णांची थंडीची वही: कोऱ्या जागी शून्य टाकू का?

मोरपंखी | १४ डिसेंबर, रात्री १०.५०

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय जरा विचित्र आहे, सांभाळून घ्या.

आमचे अण्णा (वय ८३, टपाल खात्यातून निवृत्त) नोव्हेंबर १९८३ ते फेब्रुवारी २००९ असे सव्वीस हिवाळे गोरेगावात घरच्या घरी हवामान लिहीत होते. बारा महिने नाही, फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याचं का नाही लिहीत म्हणून विचारलं की म्हणायचे, "पावसाळा सगळेच मोजतात. थंडीला कोणी वाली नाही."

परवा माळा आवरताना चार जाड वह्या सापडल्या. लाल कापडी कणा, पानांना कसर लागलेली, पण शाई शाबूत. रकाने पाच: तारीख, किमान, कमाल, पाऊस, शेरा. शेऱ्याचा रकाना वाचत मी दुपारभर माळ्याच्या शिडीवरच बसले. "स्वेटर ट्रंकेतून काढले." "मोरीतले पाणी हात लावू देईना." "शेजारचे म्हणतात थंडी आहे. मला वाटत नाही."

उपकरणं दोनच. एक इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला, लाकडी पट्टीवर बसवलेला तापमापक, प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेला, आमच्या चाळीच्या गॅलरीत खांबाला टांगलेला. दुसरं म्हणजे गच्चीवर काचेची बाटली आणि तिच्यात नरसाळं. बाटलीतलं पाणी आईच्या औषधाच्या मापाने मोजायचे.

मला आणि पुतणीला मिळून ह्याची एक्सेल शीट करायची आहे आणि महिन्यामहिन्याने देशाच्या आकड्यांशी ताडून बघायची आहे. घोडं अडलंय ते पावसाच्या रकान्यात. काही दिवशी ०, काही दिवशी नुसतं टिंब, काही दिवशी जागा कोरी. पुतणी म्हणते, "आत्या, मुंबईत जानेवारीत कुठे पाऊस पडतो? सगळीकडे शून्य टाक आणि पुढे चल." माझं मन घेत नाही. आणि दुसरं, डिसेंबर हिवाळ्यात धरायचा की नाही? पुतणीने कुठेतरी वाचलं की सरकारी हिशोबात भारताचा हिवाळा जानेवारीत सुरू होतो. हे खरं आहे?

हुडहुडी | १४ डिसेंबर, रात्री ११.०४

मुंबईची थंडी? धागा ललित विभागात हलवावा, ही विनंती.

(हलके घ्या. वह्यांचे फोटो मात्र टाका.)

पर्जन्यवेडा | १४ डिसेंबर, रात्री ११.३२

मोरपंखी, तुमचं मन बरोबर आहे आणि पुतणीचं चूक. कोऱ्या जागी शून्य टाकू नका. अजिबात नाही.

शून्य म्हणजे "पाहिलं आणि पाऊस नव्हता". कोरं म्हणजे "पाहिलं नाही". पहिली नोंद आहे, दुसरा नोंदीचा अभाव आहे. शीटमध्ये दोन्ही एकदा ० झाले की परत वेगळे करता येत नाहीत. जागतिक हवामान संघटनेची ह्यावर नियमावली आहे. तापमानाची मासिक सरासरी काढताना महिन्यातले ११ किंवा जास्त दिवस गहाळ असतील, किंवा सलग ५ दिवस गहाळ असतील, तर त्या महिन्याची सरासरी काढूच नये. पावसाचं त्याहून कडक. तिथे सरासरी नाही, बेरीज असते, त्यामुळे एक दिवस गहाळ असला तरी बेरीज लंगडी. कारण तो एक दिवसच महिन्याचा सगळा पाऊस घेऊन गेलेला असू शकतो.

हिवाळ्यात तर हे हमखास होतं. डिसेंबर २०१७ आठवा. ओखी वादळ आलं आणि ५ तारखेला मुंबईतल्या शाळा बंद ठेवल्या होत्या. दादरला शिवाजी पार्कात महापरिनिर्वाण दिनासाठी आलेली माणसं चिखलात उभी होती. त्या एक-दोन दिवसांच्या जागा वहीत कोऱ्या असत्या आणि तुम्ही शून्य भरलं असतं, तर डिसेंबर २०१७ कोरडा ठरला असता.

डिसेंबरचं म्हणाल तर पुतणीने वाचलं ते खरं आहे. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे पूर्वमोसमी, जून ते सप्टेंबर मोसमी आणि ऑक्टोबर ते डिसेंबर मोसमोत्तर. मात्र थंडीचा हंगामी अंदाज तोच विभाग डिसेंबर ते फेब्रुवारीचा देतो. तुम्ही चारही महिने सुटे ठेवा. एकत्र कधीही करता येतात.

टपरीवरचा | १५ डिसेंबर, सकाळी ९.१५

एका चाळीच्या गच्चीवरल्या बाटलीसाठी जागतिक संघटना? मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारी शंभरातले अठ्ठ्याण्णव दिवस कोरडे. शून्य टाकलं तर अठ्ठ्याण्णव वेळा तुम्ही बरोबर. एवढी अचूकता तर सरकारी अंदाजालाही नसते.

पर्जन्यवेडा | १५ डिसेंबर, सकाळी ९.४०

@टपरीवरचा, तो शंभरचा आकडा आणलात कुठून? आणि समजा खरा असला, तरी पावसाची सगळी गोष्ट उरलेल्या दोन दिवसांतच आहे. पासबुकात रोज व्यवहार होत नाही म्हणून ज्या दिवसाची नोंद नाही त्या दिवशी पैसे काढलेच नाहीत, असं तुम्ही बँकेला म्हणू द्याल का?

टपरीवरचा | १५ डिसेंबर, सकाळी ९.५२

पासबुकावर आलात म्हणजे मुद्दा संपला. चालू द्या.

निवृत्त निरीक्षक | १५ डिसेंबर, दुपारी ४.१०

मोरपंखीताई, हा धागा माझ्यासाठीच काढलात की काय असं वाटलं. वेधशाळेत निरीक्षक म्हणून नोकरी झाली, महाराष्ट्रात आणि बाहेरही. सावकाश लिहितो, लांबलं तर माफ करा.

तुमच्या वडिलांचा तापमापक म्हणजे सिक्सचा कमाल-किमान तापमापक. यू नळीत पारा असतो, दोन्ही बाजूंना पाऱ्यावर लोखंडाची बारीक काडी. पारा काडीला ढकलत नेतो आणि मागे हटला की काडी तिथेच अडकून राहते. किमान बाजूची पट्टी उलटी असते, आकडे वरून खाली वाढत येतात. वाचायचं ते काडीचं खालचं टोक, वरचं नाही. वाचून झालं की लोहचुंबकाने दोन्ही काड्या पाऱ्याला परत टेकवायच्या. वह्यांबरोबर छोटा लोहचुंबक सापडला का?

आता मुख्य प्रश्न, आणि ह्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे: ते किती वाजता वाचायचे?

का विचारतो ते सांगतो. हिवाळ्यात सर्वांत कमी तापमान मध्यरात्री नसतं, सूर्योदयाच्या आसपास असतं. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास. वेधशाळेत किमान तापमान सकाळी साडेआठला वाचतात, म्हणजे रात्रीचा गारवा पुरता होऊन गेलेला असतो. कमाल संध्याकाळी साडेपाचला. आता कोणी सहा वाजता वाचून काड्या परत लावल्या, तर खरं किमान अजून यायचंच असतं. ते एका तासाने येतं आणि दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जातं. दुसरा दिवस उबदार असला तरी काडी कालच्याच गारठ्यावर अडकलेली. एकच थंड पहाट दोन दिवसांच्या नावावर लागते आणि महिन्याची सरासरी असते त्यापेक्षा थंड दिसते. माणसाने प्रामाणिकपणे वाचूनसुद्धा ही चूक होते. दोष वेळेचा असतो.

पावसाचीही तारखेची एक गंमत आहे. आपल्याकडे सकाळी साडेआठला पर्जन्यमापक रिकामा करतात आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेला लिहितात. २००५ चा २६ जुलै कोण विसरेल? सांताक्रूझचा ९४४.२ मिलिमीटर पाऊस मात्र नोंदीत २७ जुलैच्या नावावर आहे, कारण मोजला २७ च्या सकाळी. (त्याच चोवीस तासांत कुलाब्याला फक्त ७३.४. एका शहरात!) तेव्हा ३१ डिसेंबरला दुपारी शिंतोडे पडले तर ते जानेवारीच्या हिशोबात जातात. अण्णा कोणत्या तारखेला लिहायचे हे ठरवल्याशिवाय सरकारी आकड्यांशी रोजची तुलना करू नका.

टिंबाबद्दल बोलायचं तर आमच्याकडे ०.१ मिलिमीटरहून कमी पाऊस असला तर "नाममात्र" म्हणून वेगळी खूण करतात. थंडीत नरसाळ्यावर दव साचून एखाद-दुसरा थेंब उतरतोच. अण्णांचं टिंब तेच असेल का, हे मी सांगू शकत नाही. त्यांनाच विचारा. माणूस समोर असताना वहीवरून तर्क कशाला करायचे?

मोरपंखी | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७.२०

काका, लोहचुंबक सापडला! वहीच्या कव्हरात, कागदात गुंडाळलेला. मी तो आईच्या शिवणाच्या डब्यातला समजून बाजूला ठेवला होता.

वाचायची वेळ सहा. अण्णांची ड्यूटी सातची असायची. म्हणजे गडबड आहेच का?

निवृत्त निरीक्षक | १५ डिसेंबर, संध्याकाळी ७.४५

आहे, पण हाताळता येण्यासारखी. सव्वीस वर्षं रोज सहालाच वाचलं असेल तर चूकही सव्वीस वर्षं साधारण सारखीच आहे. एका जानेवारीची दुसऱ्या जानेवारीशी तुलना करायला हरकत नाही. मात्र सांताक्रूझचा आकडा शेजारी ठेवून "आमच्याकडे एवढं कमी होतं" म्हणू नका.

निवृत्तीनंतर वेळ बदलली का, तेवढं बघा. ड्यूटी संपल्यावर माणूस साडेसातला उठतो.

नागपुरी_गारठा | १५ डिसेंबर, रात्री ९.३०

अठरा डिग्रीला कानटोपी घालणाऱ्या मंडळींना नमस्कार. सात वर्षं झाली कांदिवलीत येऊन, अजून रजई उघडली नाही बाप्पा.

एक सांगावंसं वाटते. हिवाळ्यात पाऊस नसतो हा मुंबईचा समज आहे, महाराष्ट्राचा नाही. आमच्याकडे संक्रांतीच्या आगेमागे एखादी झड येतेच. उत्तरेतून पश्चिमी झंझावात सरकतो, बंगालच्या उपसागरावरून ओल येते, दोन्हीची गाठ विदर्भावर पडते आणि तूर-हरभरा भिजतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर कोणी शेतकरी विसरणार नाही. पावसाची नोंद मिलिमीटरमध्ये होते, पण गार पडली की मिलिमीटरला काही अर्थ राहत नाही. लिंबाएवढी गार वितळून मापकात दोन-चार मिलिमीटर पाणी होते आणि बाहेर सगळा बहर जमिनीवर पडलेला असते.

देशाशी तुलना करायची म्हणता. कोणता देश? काश्मीरचा बर्फ धरून की सोडून?

पर्जन्यवेडा | १५ डिसेंबर, रात्री १०.२५

गारठाभाऊ, नेमका प्रश्न.

बर्फ धरूनच. बर्फ वितळवून पाणी मोजतात. ढोबळ मानाने दहा सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे एक सेंटिमीटर पाणी, पण भुसभुशीत आणि ओल्या बर्फात खूप फरक पडतो.

देशाचा आकडा असा बनतो: केंद्रांवरून जिल्हा, जिल्ह्यांवरून हवामान उपविभाग, उपविभागांवरून देश, आणि प्रत्येक पायरीला क्षेत्रफळाचं वजन. देशात ३६ उपविभाग आहेत, त्यातले आपल्या वाट्याचे चार: कोकण (गोव्यासह), मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. १९७१ ते २०२० च्या सरासरीनुसार देशाचा जानेवारीचा पाऊस १७.१ मिलिमीटर आणि फेब्रुवारीचा २२.७. जून ते सप्टेंबरच्या ८७ सेंटिमीटरपुढे हे चाटण आहे. पण ते चाटणही सारखं वाटलेलं नाही. बराचसा हिमालयात, थोडा ईशान्येत, थोडा तमिळनाडूत रेंगाळलेल्या ईशान्य मोसमीचा. कोकणात जानेवारीची सरासरी एक मिलिमीटरसुद्धा नाही.

आणि इथे टक्केवारीचा सापळा आहे. समजा एखाद्या जिल्ह्याची जानेवारीची सरासरी अर्धा मिलिमीटर. एका रात्री दोन मिलिमीटर शिंतोडे पडले की सरासरीपेक्षा ३०० टक्के जास्त. काहीच पडलं नाही की १०० टक्के तूट. दोन्ही बातम्या छापून येतात, नकाशावर एक गडद निळा आणि एक पांढरा, आणि जमिनीवर दोन्ही वेळा धूळही बसलेली नसते. वह्यांच्या शीटमध्ये टक्के काढूच नका. मिलिमीटर आणि पावसाचे दिवस ठेवा. २.५ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर तो "पावसाचा दिवस", ही आपल्याकडची अधिकृत व्याख्या.

तापमानाचंही तसंच. द्रासचे उणे आणि कन्याकुमारीचे बावीस मिसळून जी सरासरी येते ती देशात कोणालाच जाणवत नाही. म्हणून सरासरीपेक्षा सरासरीपासूनचा फरक बघतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान २९.५४ होतं, १९०१ पासूनचं त्या महिन्याचं सर्वाधिक. फेब्रुवारी २०२५ मध्ये कमाल-किमान दोन्ही धरून काढलेली सरासरी २२.०४, तीही १९०१ पासूनची सर्वाधिक. हे आकडे गोरेगावच्या गॅलरीशी थेट ताडता येणार नाहीत. अण्णांच्या सव्वीस फेब्रुवारींची सरासरी काढा, प्रत्येक फेब्रुवारी त्या सरासरीपेक्षा किती वर-खाली ते बघा आणि देशाचा त्याच महिन्याचा फरक शेजारी ठेवा. फरकाशी फरक.

हुडहुडी | १५ डिसेंबर, रात्री १०.४१

वाचनखूण साठवली आहे. फरकाशी फरक. बायकोचा आणि माझा पंख्यावरून रोज हाच वाद असतो.

टेम्सकाठी_मुलुंडकर | १६ डिसेंबर, रात्री १.१५

इथे इंग्लंडमध्ये मासिक तापमानाची मालिका १६५९ पासूनची आहे, मध्य इंग्लंडची. जानेवारी १९६३ ची सरासरी उणे २.१, डिसेंबर २०१५ ची अधिक ९.७. सगळ्याच्या मुळाशी हौशी लोक: पाद्री, डॉक्टर, जमीनदार. जॉर्ज सायमन्स नावाच्या गृहस्थाने १८६० मध्ये घरोघरचे पर्जन्यमापक एका वहीत आणायला सुरुवात केली आणि १९०० मध्ये वारला तेव्हा त्याला पाऊस कळवणारे तीन हजारांवर होते. आपल्याकडच्या तहसील कचेऱ्यांच्या अंगणात जो पाच इंची पर्जन्यमापक असायचा तो ह्याच सायमन्सच्या नावाचा.

निरीक्षककाकांच्या तारखेच्या मुद्द्याला जोड: इथे उलट आहे. सकाळी नऊला मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या तारखेला लिहितात. म्हणजे २६ जुलै इथे २६ जुलैच राहिला असता.

देवगडची_माई | १६ डिसेंबर, सकाळी ११.००

मी दादरला सुनेकडे आले आहे, बाग देवगडला. आम्हाला कमाल-बिमाल काही नको, किमान सांगा. रात्रीची थंडी धरली की हापूसला मोहर. थंडी ताणली की पुन्हा नवा मोहर फुटतो आणि आधीची बारीक फळं गळतात. डिसेंबरात पाऊस झाला की तुडतुडे आणि करपा, फवारणीवर फवारणी. २०२१ च्या डिसेंबराच्या सुरुवातीला लागला होता तसा. तुमच्या अण्णांनी त्या वर्षी लिहिलं असतं तर बाटली भरली असती.

आमचे सासरे भिंतीवर कोळशाने रेघ मारीत. थंडी पडली की एक रेघ. नंतर रंगारी आला.

मोरपंखी | १८ डिसेंबर, रात्री ९.०५

माई, रंगाऱ्याचं वाचून चर्र झालं.

तर अण्णांना विचारलं. सकाळी चहाच्या वेळी, कारण दुपारनंतर त्यांचं लक्ष लागत नाही. पान समोर धरलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग असं बघितलं जसं मी दुसरीत पाढा चुकल्यावर बघायचे. त्यांच्याच शब्दांत:

"शून्य म्हणजे गच्चीवर गेलो, बाटली पाहिली, कोरडी. टिंब म्हणजे गच्चीवर गेलो नाही, पण पाऊस नव्हता हे मला माहीत आहे. रिकामं म्हणजे माहीत नाही. ह्यात विचारण्यासारखं काय आहे?"

तीन पातळ्या! आणि आम्ही सगळ्यावर एकच शून्य ओतायला निघालो होतो. पुतणीने कबूल केलं. तिने आता शीटमध्ये पावसाच्या शेजारी "खात्री" म्हणून नवा रकाना घातलाय.

मग निघालेल्या आणखी गोष्टी. १९९७ च्या नोव्हेंबरात आम्ही चाळ सोडून इमारतीत आलो, त्या दिवशी शेरा आहे: "आजपासून नवी जागा. खिडकीचे गज. पश्चिम." आणि त्यानंतर कमाल एकदम तीन-साडेतीन अंशांनी वर.

फेब्रुवारी २००८ च्या थंडीचं पान बघून सगळे हसलो. शेरा: "गोरेगावात हातमोजे घातलेला इसम पाहिला. तो मीच."

निवृत्त निरीक्षक | १८ डिसेंबर, रात्री ९.५०

"माहीत आहे" आणि "पाहिले आहे" ह्यांच्यासाठी दोन खुणा ठेवणारा माणूस आमच्या खात्यात असता तर मी त्याच्या हाताखाली आनंदाने नोकरी केली असती. त्यांना माझा नमस्कार सांगा.

१९९७ नंतरचं कमाल तापमान बाजूला काढा. पश्चिमेची खिडकी, दुपारचं ऊन, तापलेली भिंत. तो आकडा हवेचा नाही, गजाचा आहे. आमच्याकडे तापमापक पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत असतो, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच, दार उत्तरेला, म्हणजे दार उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. किमान काही अंशी वापरता येईल, पण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते, म्हणून तेही थोडं वर. सहाच्या वाचनाने सरासरी खाली ओढली आणि भिंतीने वर. दोन्ही चुका उलट्या आहेत म्हणून एकमेकींना खातील अशी आशा धरू नका. १९९७ पर्यंतची एक मालिका, नंतरची दुसरी. मध्ये रेघ.

नागपुरी_गारठा | १८ डिसेंबर, रात्री १०.०२

तापमापक बर्फात बुडवून बघा ना. कुटलेला बर्फ आणि पाणी, शून्य दाखवला पाहिजे. शाळेत केलं होतं.

निवृत्त निरीक्षक | १८ डिसेंबर, रात्री १०.२०

थांबा थांबा! हा लाकडी पट्टीवरचा आहे, बुडवला तर पट्टी फुगून नळी तडकेल आणि घरभर पारा. साधा काचेचा तापमापक बर्फात तपासायचा आणि मग तो आठवडाभर ह्याच्याशेजारी टांगायचा.

हुडहुडी | १८ डिसेंबर, रात्री १०.४८

एक शंका. मुंबईत सर्वांत थंडी किती पडली आहे? चाळीत आमचे आजोबा "तेव्हा सात होतं" म्हणायचे, आम्ही थाप समजायचो.

पर्जन्यवेडा | १८ डिसेंबर, रात्री ११.१०

थाप नाही. २२ जानेवारी १९६२, सांताक्रूझ ७.४. कुलाबा त्याच दिवशी ११.७. तीन बाजूंनी समुद्र असला की रात्र तेवढी उतरत नाही.

कुलाब्याच्या नोंदी १८४१ पासूनच्या आहेत, हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन होण्याच्या कितीतरी आधीच्या. अवांतर: तिथली चुंबकीय मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवावी लागली, कारण मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या होत्या आणि त्यांच्या विजेने सुया हलल्या असत्या.

आणि "मुंबईत थंडीची लाट कशी काय?" म्हणणाऱ्यांसाठी: किनाऱ्यावर निकष वेगळा. किमान १५ किंवा कमी आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा जास्त खाली. मैदानात १० लागतात.

मोरपंखी | २८ डिसेंबर, रात्री ११.४०

धागा वर काढतेय. शीट १९९६ पर्यंत आली. एक पान अडलंय आणि ते इथेच विचारायचं आहे.

जानेवारी १९९३. ७ ते १६ तारीख, दहा दिवस, पावसाचा रकाना कोरा. टिंबसुद्धा नाही. किमान मात्र रोज लिहिलंय. शेऱ्यात ७ तारखेला "संचारबंदी", ९ ला "दूध नाही", १२ ला काहीच नाही, नुसती रेघ. मी तेव्हा सातवीत होते. रात्री दिवे घालवून बसायचो आणि गॅलरीतसुद्धा वाकून बघू द्यायचे नाहीत. अण्णा पहाटे अंधारात गॅलरीत जाऊन आगकाडीच्या उजेडात तापमापक वाचायचे, आई आतून ओरडायची. ते आठवतंय.

गच्चीला चाळ कमिटीने कुलूप लावलं होतं. मी अण्णांना विचारलं, "पाऊस नव्हता हे तर माहीत असेल ना? मग टिंब का नाही?" ते म्हणाले, "रात्री बाहेर बघायची सोय नव्हती. न बघता कसं लिहू?"

१७ तारखेला नोंद आहे: "कुलूप निघाले. बाटली पाहिली. दहा दिवसांचे एकत्र ०."

पर्जन्यवेडा, तुमच्या नियमाने सलग पाच दिवस गहाळ म्हणजे महिना बाद. बाद करू?

पर्जन्यवेडा | २९ डिसेंबर, सकाळी ८.१०

नाही. सलग पाचाचा नियम सरासरीचा, आणि तापमान तर रोजचं आहेच. पावसासाठी एकत्र मोजलेला आकडा चालतो. दहा दिवसांची वाटणी करता येणार नाही, म्हणजे ७ ते १६ कोरेच ठेवा, पण बाटली तिथेच होती आणि पडलेलं सगळं तिच्यातच साठलं असतं. महिन्याची बेरीज धरता येते.

फक्त एक. जानेवारीची कोरडी हवा, दहा दिवस. एखादा मिलिमीटर पडून उडून गेला नसेल कशावरून?

निवृत्त निरीक्षक | २९ डिसेंबर, सकाळी ८.५५

हाच प्रश्न लिहायला बसलो होतो. नरसाळ्याने बाष्पीभवन कमी होतं, पूर्ण थांबत नाही. ताई, बाटलीत तेल घालायचे का ते विचारा. पाण्यावर तेलाचा पातळ थर असला की पाणी उडत नाही. लांब मुदतीच्या मापकांत ही जुनी युक्ती आहे.

मोरपंखी | २९ डिसेंबर, दुपारी १.३०

विचारायची गरज पडली नाही. पहिल्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, १९८३ च्या अक्षरात: "बाटलीत गोडेतेल, चार थेंब. दर पंधरवड्याला बदलणे. हिला सांगू नये."

हिला म्हणजे आईला. रेशनचं तेल होतं.

निवृत्त निरीक्षक | २९ डिसेंबर, दुपारी १.५२

मग जानेवारी १९९३ ची बेरीज ०, खात्रीच्या रकान्यात "एकत्रित". पान पुढे घ्या.

रविवारी येऊ का? माझा तपासलेला तापमापक घेऊन येतो, आठवडाभर तुमच्याकडे टांगून ठेवू. बर्फाचं मी घरीच करून आणतो.

मोरपंखी | २९ डिसेंबर, दुपारी २.०५

या काका. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवते. सकाळी लवकर आलात तर बरं, अण्णा तेव्हा बोलतात. तुम्ही येणार म्हटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता वाचतो तो?"